तीन वर्तुळांची नळी

नल्लकुंटा, हैदराबाद
३ जुलै २०२५

तीर्थस्वरूप हिम्मत आबांस,
त्रिवेणीचा साष्टांग नमस्कार.

बंदुकीच्या नळीखाली एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळं असतील, तर ती नळी कशाची बनलेली आहे? मला सांगता येत नाही आबा, आणि येत्या पंधरा दिवसांत मला ते कागदावर लिहून खाली सही करायची आहे.

एप्रिलपासून मी हिमायतनगरला, तुम्ही मिस्त्री होतात त्याच बंदुकांच्या दुकानात काम करते, हे पप्पांनी आपल्या मामाला कळवलं असेलच. मालक गौतम सरांनी मागच्या खोलीतलं तुमचं टेबल मला दिलंय. पप्पा अजून दारावर स्टूल टाकून बसतात. मी आत जायला लागले की उठून उभे राहतात. मी रागावते, तर म्हणतात, "मी माझ्या पोरीसाठी उठत नाही, बी.एस्सी.साठी उठतो." आपल्या घरात ती पहिलीच ना.

माझं काम जुन्या बंदुका तपासून लिहून देण्याचं आहे. नळी कशाची, अवस्था कशी, कुठली काडतुसं चालतील. आत्ता टेबलावर शोभाताईंची बंदूक आहे. त्या दिलसुखनगरला राहतात, शाळेच्या ऑफिसात होत्या. गेल्या वर्षी त्यांचे यजमान वारले आणि लायसन आता त्यांच्या नावावर झालंय. जहीराबादजवळ त्यांचं शेत आहे. मक्याला कणसं धरली की रानडुकरं येतात. बंदूक सासऱ्यांची, बेल्जियमची, बारा बोरची दुनळी. सासरे घरी भरलेली काळ्या दारूची काडतुसं वापरायचे, आता ती मिळत नाहीत. दुकानात आजची आहेत, पण त्यांचा दाब जास्त. नळी सबंध पोलादाची असेल तर काही भीती नाही. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून केलेली जुनी जौहरदार नळी असेल, तर ती आजच्या काडतुसाने फुटू शकते. आणि फुटली तर डाव्या हाताच्या बरोबर वर फुटते. पप्पांनी मला एकदा अशा माणसाचा हात दाखवला होता.

सरकारी परीक्षेच्या खुणा घासून गेल्या आहेत. नळ्या काळ्या केलेल्या आहेत, त्यामुळे धातूचा पोत दिसत नाही. उरली आहेत फक्त ही तीन वर्तुळं. गौतम सरांना विचारलं तर म्हणाले, "लिही न अम्मा, पोलाद म्हणून. फाशीचा हुकूम लिहितेस की काय?"

मला अंदाजाने लिहायचं नाही. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि मोबाईलवरचा फोटो बोटाला कळत नाही असं तुम्ही म्हणता, म्हणून पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घेतलेला ठसा सोबत पाठवते.

तुमची,
त्रिवेणी

—

उदगीर
११ जुलै २०२५

चि. त्रिवेणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सूनबाईने दिलं तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या दाढीनिशी वाचलं. त्या टेबलाचा उजवा पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा घालत जा.

तुला नीट सांगतो. नळीवर तीन प्रकारच्या खुणा असतात. एक पोलाद ओतणाऱ्याची, एक बंदूक घडवणाऱ्याची, आणि एक परीक्षाघराची, तिथे दुप्पट दारू भरून बार काढतात आणि नळी टिकली तरच शिक्का मारतात. लोक बंदूक घडवणाऱ्याचं नाव वाचतात आणि खूश होतात. आपण मिस्त्री लोक पोलादवाल्याची खूण आधी शोधतो. कारण घडवणारा कितीही मोठा असला, तरी बार होतो तेव्हा हाताजवळ पोलादच असतं.

तीन वर्तुळं जर्मनीच्या क्रुप कारखान्याची. रेल्वेच्या चाकावर चढवायचं बिनजोडाचं पोलादी कडं त्यांनी केलं, तेच पुढे खुणेत घेतलं. बेल्जियमचे कारागीर त्यांचं पोलाद विकत घेऊन नळ्या करायचे. चांगलं पोलाद. माझ्या उस्तादांच्या टेबलावर अशी नळी आली की ते आधी हात धुऊन यायचे.

तेव्हा खूण आहे तशी लिही. पोलाद म्हणून लिही. तुझी पहिली सही आहे, अक्षर मोठं काढ.

एक सवडीने कळव. बंदुकीच्या डाव्या बाजूच्या पत्र्यावर पक्षी कोरला असेल. तो तितर आहे की बदक? म्हाताऱ्याला आपली चौकशी. घाई नाही.

प्रकाशला म्हणावं, पोरीसमोर उठून उभा राहतोस, माझ्यासमोर वीस वर्षांत कधी राहिला नाहीस.

तुझा,
आबा

—

नल्लकुंटा
१९ जुलै २०२५

तीर्थस्वरूप आबांस साष्टांग नमस्कार.

सही केली! पत्र आलं त्याच दिवशी दुपारी कागद टाईप केला. "नळ्या क्रुप पोलादाच्या, आजची प्रमाणित काडतुसं वापरण्यास योग्य." खाली माझं नाव, बी.एस्सी. हा शब्द आणि सही. पप्पांनी कागद दोन्ही हातांनी धरला आणि उलटाही करून पाहिला. मागे काहीच नव्हतं.

शोभाताई काल बंदूक घेऊन गेल्या. आमचं बरंच बोलणं झालं. मी म्हटलं, "ताई, डुकरांना भीती घालायला फटाके नाही का चालत?"

"चालतात की. पहिल्या वर्षी पळाली, दुसऱ्या वर्षी थांबून बघत होती. यंदा पुढच्या रांगेत बसतील."

"तुम्ही याआधी कधी बार काढलाय?"

"लग्नानंतर सासऱ्यांनी एकदा हातात दिली होती. म्हणाले, सूनबाई, खांद्याला घट्ट लाव. मी लावली. त्यांनी पटकन काढून घेतली. म्हणाले, बस, झालं शिक्षण." हसता हसता त्यांचे डोळे भरले. "अडतीस वर्षं ती कपाटावर होती बघ. पुसायची मीच. चालवायचं मात्र कुणी विचारलं नाही."

रेंजवर जाऊन तिथल्याच बंदुकीवर त्या शिकणार आहेत, आणि पोळ्यानंतर शेतावर राहायला जाणार आहेत. मला फार बरं वाटलं आबा. मी लिहिलेल्या एका कागदावर विसंबून एक बाई स्वतःच्या शेतात निर्धास्त उभी राहणार. कॉलेजात तीन वर्षं धातूंचे गुणधर्म पाठ केले, पण ते कुणाच्या कामी येतील असं वाटलं नव्हतं.

तुमचा पक्षी तितर आहे. आणि गंमत म्हणजे एकाच पायावर उभा आहे. कोरणाऱ्याने दुसरा पाय काढलाच नाही.

एक शंका. ठशाचा दुसरा कागद माझ्याकडे होता, तो काल भिंगाखाली धरला. तिन्ही वर्तुळांत एकेका जागी स्वल्पविरामासारखी बारीक शेपटी दिसते. जणू रेघ तिथे सुरू झाली आणि फिरून तिथेच येऊन थांबली. हे काय असतं?

तुमची,
त्रिवेणी

—

उदगीर
३० जुलै २०२५

चि. त्रिवेणीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. तितर काय अन् बदक काय, बंदुकीला फरक पडत नाही. मी उगीच विचारलं.

शेपट्यांचं म्हणशील तर जुन्या शिक्क्याची धार गेलेली असते, तसं होतं. प्रत्येक गोष्ट भिंगाखाली धरू नये, डोळे जातात.

शोभाबाईंना सांग, बंदूक म्हातारी आहे. दुकानात सगळ्यात हलकी असतील ती काडतुसं द्या. एका वेळी एकच भरा. डावा हात नळीखाली पुढे नेऊ नका, मागे पत्र्याजवळ धरा. हे नक्की सांग.

प्रकाशला या गोष्टी विचारत बसू नको. त्याला त्यातलं माहीत नाही.

इकडे माझी तब्येत ठीक. झोप येत नाही एवढंच.

आबा

—

नल्लकुंटा
९ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप आबांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मला आधी वाटलं, आबांना किती काळजी. मी लगेच शोभाताईंना फोन करून हलक्या काडतुसांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमचे आबा तर माझ्या सासऱ्यांसारखेच दिसतात."

पण मग मनात आलं, नळी चांगल्या पोलादाची आहे तर डावा हात मागे का?

परवा दुकानात दुसरी एक बंदूक जमा करायला आली, तिच्यावरही तीन वर्तुळं होती. मी दोन्ही ठसे शेजारी ठेवले. तिच्या वर्तुळांना शेपट्या नाहीत. खोली सगळीकडे सारखी आहे, आणि रेघेच्या दोन्ही काठांना धातू किंचित वर आलेला आहे, नखाला लागतो. शिक्का ठोकला की धातू बाजूला सरकतो आणि काठ उचलतो, हे मला पुस्तकातूनही माहीत आहे. शोभाताईंच्या नळीच्या ठशात काठ उचललेला नाही. तिथला धातू सरकलेला नाही, काढून टाकलेला आहे. म्हणजे ती खूण ठोकलेली नाही. कोरणीने कोरलेली आहे.

तुम्ही नको म्हणालात तरी मी पप्पांना विचारलं. क्षमा करा. ते स्टुलावर जाऊन बसले. मग म्हणाले, "गंजलेली नळी घासून साफ केली की जुन्या खुणा जातात. आपल्या दुकानात त्या परत कोरायची रीत होती. मी यायच्या आधीपासून. कोरायचं काम फक्त मामाचं."

मी म्हटलं, "पप्पा, मग तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"मामाची खूण कधी चुकत नाही म्हणून."

आबा, मी तुम्हाला जाब विचारत नाही. तुम्हीच पप्पांना नोकरी दिलीत, तुमच्या शब्दावर मला टेबल मिळालं. पण सही माझी आहे, आणि बंदूक शोभाताईंच्या खांद्याला लागणार आहे. त्या पोळ्यानंतर शेतावर जातील, तोवर बंदूक कपाटावरच आहे. मी विचारते ते एवढंच. ती वर्तुळं तुम्ही कोरलीत का? आणि कोरण्याआधी तिथे तीच होती, हे तुम्हाला पक्कं आठवतं का?

उत्तराची वाट पाहते.

त्रिवेणी

—

उदगीर
२१ ऑगस्ट २०२५

चि. त्रिवेणी,

तुझं पत्र आठवडाभर उशीखाली आहे. उद्या पोळा. आता आणखी थांबलो तर माणूस म्हणवून घेण्यात अर्थ नाही.

वर्तुळं माझी आहेत. तुझ्या पहिल्या पत्रातला ठसा बोटाखाली धरला तेव्हाच कळलं. आपल्या हातची रेघ ओळखायला भिंग लागत नाही.

रीत उस्तादांची. ते म्हणायचे, "नली घिसे तो घिसे, बनानेवाले का नाम नक्को मिटाओ." समुद्रापार कुणी तरी पोलाद ओतलं, घडवलं, आणि आपण गंज काढताना त्याचं नाव पुसून टाकायचं, हे त्यांना पाप वाटायचं. म्हणून घासण्याआधी ठसा घ्यायचा, वहीत चिकटवायचा, आणि नळी काळी करण्याआधी तसाच्या तसा कोरायचा. केसाचाही फरक चालायचा नाही. यात फसवायची बुद्धी नव्हती लेकरा. अदब होती.

१९७९ साली उस्ताद भावाच्या मातीला गुलबर्ग्याला गेले होते. टेबलावर दोन बेल्जियम बंदुका होत्या. एकीवर तितर, एकीवर बदक. नळ्या जवळजवळ सारख्या. एकीवर तीन वर्तुळं होती, दुसरीवर फक्त घडवणाऱ्याची अक्षरं, म्हणजे ती जौहरदार. मी घाईत होतो. दोन्ही नळ्या एकाच दिवशी घासून टाकल्या, ठसे नंतर आठवणीने काढीन म्हटलं. आठवण माझी चांगली होती. त्याचीच घमेंड होती.

मी वर्तुळं तितरावर कोरली.

आठवड्याने बदकवाले गृहस्थ आले. म्हणाले, आमच्या नळीवर वर्तुळं होती, ती कुठे गेली? तेव्हा मला चूक कळली. मी हसून म्हटलं, राहिली, उद्या कोरून देतो. दिली. तितर तोवर मालकाकडे गेला होता. तो परत मागवायचा तर उस्तादांना सांगावं लागलं असतं. त्याच महिन्यात ते मला दुकानाचा मुख्य मिस्त्री करणार होते. मी गप्प राहिलो. मालक काळी दारूच वापरतात, काही होत नाही, असं मनाला सांगितलं. सेहेचाळीस वर्षं झालं नाही.

तू विचारलंस तेव्हा मनात आलं, ती बदकाची असेल. म्हणून पक्षी विचारला. पण उत्तर येईपर्यंत थांबायला हवं होतं, ते न थांबता त्याच पत्रात "पोलाद म्हणून लिही" असं लिहून मोकळा झालो. एवढ्या वर्षांनी कुणी मला विचारत होतं ना. आणि तितर म्हणून कळवलंस, त्यावर मी तुला काडतुसं आणि हात कुठे धरायचा ते शिकवलं. खरं सांगायला तेवढीच शाई लागली असती.

आता माझं ऐक. शोभाबाईंकडून बंदूक परत आण. काही तरी निमित्त सांग. घोड्याची कमान ढिली आहे म्हण, ठेवून घे, देऊच नको. कागद फाडून टाक. उस्तादांचं नाव यात नको, त्यांनी हे कधी जाणलंही नाही. दुकानाला धक्का बसला तर प्रकाशने या वयात कुठे जायचं? माझं नाव गेलं तर गेलं, असं म्हणायची माझी इच्छा आहे, पण लिहिता हात अडतो. गावात लोक अजून मला मिस्त्रीसाहेब म्हणतात. चार वर्षं राहिली असतील. तेवढी जाऊ दे.

तुझी पहिली सही माझ्या खोट्यावर पडली. याची माफी मागायला शब्द नाहीत.

हिम्मतराव

—

नल्लकुंटा
४ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप आबांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र २५ तारखेला सकाळी मिळालं. मी शोभाताईंना फोन लावला. लागला नाही. त्यांच्या घरी गेले तर शेजारणीने सांगितलं, "ताई दोन दिवस झाले, शेतावर गेल्या." मी दुकानात न सांगता पप्पांना स्टुलावरून उठवलं आणि आम्ही जहीराबादची बस धरली. वाटेत पप्पांनी तुमचं पत्र वाचलं. सदाशिवपेट येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "बंदुका पुसायला मामाने शिकवलं मला. नळी डोळ्याला लावून उजेडाकडे धर, सगळं दिसतं, म्हणायचा."

दुपारी अडीचला पोचलो. शोभाताई बाजेवर बसून मक्याचं कणीस सोलत होत्या. बंदूक भिंतीला टेकवलेली. मी धावत गेले तशी त्या हसल्या. "अगं, डुकरांपेक्षा तूच जास्त घाबरलेली दिसतेस."

"ताई, तुम्ही बार काढलात?"

"दोन. काल संध्याकाळी. काय आवाज गं! आज परत बसणार आहे."

मी बंदूक उघडली. पप्पांनी नळ्या माझ्या हातून घेतल्या आणि आभाळाकडे धरून डोळा लावला. उजवीतून पाहिलं. डावीतून पाहिलं. डावीतच थांबले. मग माझ्याकडे दिल्या. आतल्या चकचकीत उजेडात, काडतूस बसतं त्याच्या चार बोटं पुढे, सावलीचं एक काळं कडं दिसत होतं. आतून नळी फुगली होती. बाहेरून हात फिरवला तर जेमतेम कळत होतं. हलकं काडतूस होतं म्हणून एवढ्यावर भागलं असेल. तिसऱ्या बाराला काय झालं असतं ते मला सांगता येणार नाही. प्रत्येक जौहरदार नळी फुटतेच असं नाही. पण हिची सुरुवात झाली होती.

मी शोभाताईंनाही आतून दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "हे चौथं वर्तुळ कुठल्या कारखान्याचं?" त्या म्हणाल्या.

आबा, तुम्ही सांगितलेलं कमानीचं निमित्त माझ्या तोंडात तयार होतं. खोटं सांगत नाही, पूर्ण वाक्य तयार होतं. पण त्यांनी तो प्रश्न विचारला आणि मला ते बोलता येईना. मी धातूचा पोत वर आणणाऱ्या फेरिक क्लोराईडची बाटली बरोबर नेली होती; गिऱ्हाइकाच्या नळीवरचा काळा थर घासायचा नाही म्हणून जुलैत मी ती काढलीच नव्हती. पुढचं लाकूड काढलं, नखाएवढ्या जागेवरचा काळा थर घासला, कापसाने औषध लावलं. मिनिटभरात करड्या आणि पांढऱ्या वळ्या वर आल्या, पाण्यात पीठ कालवताना दिसतात तशा. तिघंही वाकून बघत होतो. इतकं सुंदर काम मी कधी पाहिलं नव्हतं. ज्याने त्या पट्ट्या पिळल्या त्याचं खरं नाव ती नळी होती, आणि आपण तिला दुसऱ्याचं नाव दिलं.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. तुमचं पत्र वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीपर्यंत. माझा कागद मागून घेतला, त्यावर आडवी रेघ मारली, "ही तपासणी चुकीची होती" असं लिहून पुन्हा सही केली आणि त्यांनाच परत दिला. फाडला नाही.

त्यांनी कागदाची घडी घातली. शेवटी म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याला सांग, माझे दोन्ही हात शाबूत आहेत. आणि हेही सांग की मी रागावले आहे. दोन्ही सांग. एकच सांगू नको." म्हणून दोन्ही सांगितलं.

खरं तर इथे थांबता आलं असतं. पण परत येताना बसमध्ये मला एकच गोष्ट छळत होती. तितरावरची चूक तुम्हाला कळली, कारण बदकवाले गृहस्थ परत आले. जे कुणी परत आले नाहीत त्यांचं काय? कोरलेली खूण ही धातूची साक्ष नाही, कोरणाऱ्याची आठवण आहे. आणि आठवणीवर विसंबून कुणी काडतूस भरू नये.

मी गौतम सरांना सगळं सांगितलं, आणि खुणा कोरलेल्या सगळ्या बंदुकांच्या मालकांना पत्राने कळवू या म्हटलं. ते आधी चिडले, मग दार लावून बसले. म्हणाले, "माझ्या वडिलांचं दुकान आहे, अम्मा. दुकानाच्या नावाने एक ओळ लिहिलेली चालणार नाही." मी म्हटलं, माझ्या नावाने लिहीन. "मग त्या टेबलावर बसून लिहिता येणार नाही," ते म्हणाले. मी टेबलाची किल्ली ठेवली. ती त्यांनी उचलली नाही, पण परतही दिली नाही. जाताना कपाटाकडे बोट करून म्हणाले, "जुन्या दुरुस्त्यांच्या वह्या तिथे आहेत. मी आता जेवायला जातो. तासभर लागेल."

त्या तासात मी "खूण पुन्हा कोरली" असा शेरा असलेली नावं उतरवून घेतली. एकसष्ट निघाली. बरीच माणसं आज नसतील, पण त्यांच्या बंदुका असतील. पत्र मी स्वतः लिहिलं. खूण कोरलेली आहे, ती पाहून नळीबद्दल काही ठरवू नका, जाणकाराकडून धातूची परीक्षा होईपर्यंत बार काढू नका. उस्तादांचं नाव मी घातलं नाही, कारण त्यांची रीत ठसा घेऊन कोरायची होती आणि चूक त्यांची नाही. तुमचं घातलं. "खुणा कोरणारे मिस्त्री हिम्मतराव यांनी ही चूक स्वतः कळवली आहे." तुम्ही उरलेली चार वर्षं जाऊ दे म्हणाला होतात, पण हे वाक्य खरं आहे. उशिरा कळवलंत, तेही पुढच्या ओळीत आहे.

वहीतले पत्ते अर्धे उर्दूत होते. पप्पांनी रात्रपाळी केल्यासारखे दोन दिवस बसून ते वाचले आणि पाकिटांवर स्वतःच्या हाताने लिहिले. दुकानात ते अजून जातात. उद्या काय होईल त्यांना माहीत नाही. मी विचारलं तर म्हणाले, "स्टूल कुठेही टाकता येतं."

तुम्ही माझ्यावर रागावाल हे मला माहीत आहे. गावात लोक काय म्हणतील, या विचाराने मलाही झोप आली नाही. हे पत्र आधी तुम्हाला पाठवावं, तुमची परवानगी यावी आणि मग ती पाकिटं टाकावीत, असं दोनदा मनात आलं. तुम्ही नको म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं, अशी मला भीती वाटली.

म्हणून आज सकाळी साडेदहाला एकसष्टही पाकिटं नल्लकुंट्याच्या पोस्टात दिली. घरी आले, आणि मग तुम्हाला लिहायला बसले.

तुमची,
त्रिवेणी